सीझन

डिसेंबरात आम्ही दोघंही घरी नसतो.
त्याची टॅक्सी विमानतळावर,
मी चौथ्या मजल्यावर, टॉवेलांचे हंस करत.
दिवसाला अकरा खोल्या, बावीस हंस,
समोरासमोर, चोचीला चोच,
कुणाच्या तरी हनिमूनसाठी.

तन्वेशला वाटतं हेच माझं काम.
‘आई हंस करते,’ असं त्याने शाळेत बाईंना सांगितलं.
न्हाणीच्या जाळीतले केसही मीच काढते,
पण ते बाईंनी विचारलं नाही.

साळगावात कोन्सेसांवबाईच्या माडीखाली आमच्या दोन खोल्या.
तिनेच मुलांना ओंजळभर नाचणी दिली,
बिस्किटाच्या डब्याचं झाकण दिलं, माती दिली.
‘गोठ्यापुढे शेत नको? गायी खातील काय?’
शमाने ओळीत पेरलं. सात वर्षांची आहे,
ओळ मोडलेली तिला चालत नाही.
तन्वेशने तासातासाला पाणी घातलं
आणि एक कोपरा कुजवला.
दोघं भांडली, रडली, जेवली नाहीत,
मग शमाने तिथे आरशाचा तुकडा ठेवला: तळं.

तळं म्हटल्यावर हंस आला.

डागाळलेला नॅपकीन होता, टाकायचाच होता,
तरी गेटवर पर्स उघडताना
माझ्या तळव्यांना घाम.
घरी येऊन घडी घातली तर हंस गोठ्याहून मोठा.
मेंढपाळ त्याच्या सावलीत उभे,
तीन राजे त्याच्या पंखाला टेकलेले.
कुणाला काही खटकलं नाही.

चवथीच्या आमच्या नेवऱ्या माडीवर गेल्या होत्या,
आता माडीवरच्या खाली येतात, त्याच बशीतून.
ती बशी रिकामी कधी चढली नाही,
रिकामी कधी उतरली नाही.
कधी नुसती साखर, कधी दोन मिरच्या.

हॉटेलच्या लॉबीत दुमजली झाड आहे.
बुंध्याशी चाळीस खोकी, लाल रिबनची.
ती मी गुंडाळली, दोन रात्रपाळ्यांत.
तन्वेशने फोनवर फोटो मोठा करून करून पाहिला.
‘आत काय?’
‘काही नाही.’
‘उघडून बघ ना.’
‘ती उघडायची नसतात रे. दिसायला असतात.’
तो गप्प झाला. फार वेळ.
मला वाटलं, विसरला.

चोविसाला रजा कुणालाच नाही.
मधल्या रात्री खाली डीजेने उलटे आकडे मोजले,
पाहुण्यांनी टोप्या उडवल्या,
मी सर्व्हिस लिफ्टच्या खिडकीतून
अंधारात एक उजेडाचा पुंजका पाहिला
आणि ठरवलं की तेच आमचं चर्च.
उघड्यावर मिसा, थंडी,
शमा कोन्सेसांवबाईच्या शालीत,
तो कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेला, तोंड उघडं.
मग चौथ्या मजल्यावर कुणाची तरी वाइन सांडली.

घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते.
तुळशीवर टांगलेला कागदी तारा
एका बाजूने दवाने लोंबलेला.
गोठ्यात बाळ आलं होतं,
माझ्याआधी.
बाहुलीचा रुमाल शमाने त्याच्या गळ्यापर्यंत ओढलेला.

आणि हंसाच्या पोटाशी एक खोकं.
साबणाचं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
चिकटपट्टी अर्धी कागदाला, अर्धी हंसाला,
वर पांढरी रिबन, गाठीवर गाठ.
ती रिबन मी ओळखली.
आत जाऊन पाहिलं तर
तन्वेश झोपेतही
नाडी नसलेली चड्डी
एका मुठीत धरून.

पांघरूण घालताना डोळा किलकिला केला त्याने.
‘उघडू नकोस हं.’
‘नाही.’
‘दिसायला आहे.’

मी ते कानाशी हलवलं.
आत काहीतरी सरकलं, अगदी हलकं,
नाचणीचा दाणा असेल, किंवा
माझीच बोटं.

आता फेब्रुवारी. शेत कधीच पिवळं पडलं,
कोंबड्यांनी खाल्लं.
खोकं फ्रिजवर आहे.
त्याचा बाप विचारतो, हे काय, टाकू?
सीझन मार्चपर्यंत असतो,
मी म्हणते, राहू दे.